गुरुवारी जाणारा बल्ब

आजोबांच्या गाडीचा बल्ब पुन्हा उडाला, हे यामिनीला गॅलरीतूनच कळलं. गल्लीच्या वळणावर मोठा पिवळा झोत दिसायला हवा होता. त्याऐवजी काजव्यासारखा इवलासा उजेड हेलकावे खात येत होता. तो आजीच्या हातातल्या टॉर्चचा. आजोबा दोन्ही पाय जमिनीला टेकवत-उचलत, बैलगाडीच्या वेगाने मोटारसायकल हाकत होते. मागे बसलेल्या आजीचा एक हात त्यांच्या खांद्यावर होता आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या कानाशेजारून टॉर्च धरून ती सूचना देत होती.

"डावीकडे खड्डा आहे. अहो, डावीकडे! तुमची डावी वेगळी असते का?"

"दिसतोय गं मला."

"दिसतोय तर मग नेमका त्यातच का घालताय?"

गाडी धाडकन खड्ड्यात गेली, धाडकन बाहेर आली, आणि पिशवीतला दत्ताचा प्रसाद आजीच्या मांडीवर सांडला. फाटकात यामिनीचे बाबा, म्हणजे केदार, हाताची घडी घालून उभेच होते.

"अण्णा, परत?"

"गेला वाटतं," आजोबा म्हणाले. बल्ब नव्हे, एखादा पाहुणा जेवून गेल्यासारखे ते शांत होते.

"मागच्याच गुरुवारी नवा घातला होता ना!"

"तो मागच्याच्या मागच्या गुरुवारचा," आजीने दुरुस्ती केली. "मागच्या गुरुवारी घातलेला तर देवळाच्या दारातच गेला होता. हा त्याच्यानंतरचा."

गाडी एरवी उन्हातच फिरायची, दुकानापर्यंत आणि परत. दिवा लागायचा तो फक्त गुरुवारी संध्याकाळी, आजी-आजोबा दत्ताला जायचे तेव्हा. त्यामुळे या घरात बल्ब मरायचे ते गुरुवारीच. दत्ताचा वार धरून इतक्या निष्ठेने मरणारी वस्तू नगरच्या अख्ख्या सावेडी भागात दुसरी नसेल.

ती गाडी म्हणजे नुसती गाडी नव्हती, हे यामिनीला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आजोबा, म्हणजे नृसिंह सर, घोडेगावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे तेव्हा ती घेतलेली. घेतली त्या दिवशी म्हणे अर्धी शाळा तिच्यामागे पळत आली होती. बाबा लहानपणी पेट्रोलच्या टाकीवर बसून नगरला यायचे, आणि परत जाताना टाकीवरच डोकं टेकून झोपायचे. पुढे यामिनीही त्याच टाकीवर बसली. थंडीच्या दिवसांत आजोबा तिला बालवाडीत सोडायचे, तेव्हा मुद्दाम दिवा लावून ठेवायचे. शाळेच्या दारात उतरल्यावर ती दोन्ही तळवे दिव्याच्या काचेला लावायची. काच भाकरीसारखी ऊन लागायची. मग ते ऊन हात ती गालांना लावून वर्गात पळायची. आता ती दहावीत होती, हात शेकायचं वय गेलं होतं. पण कधीमधी कोणी बघत नसलं, की ती त्या काचेवर तळवा ठेवून बघायचीच. आणि अठरा पूर्ण झाली की ही गाडी आपण चालवायची, असं तिचं आणि आजोबांचं ठरलेलं होतं.

नववीपर्यंत ही यामिनी मागच्या बाकावर बसून तोंडातून ब्र काढायची नाही. दहावीत मैत्रिणींनी ढकलून वक्तृत्व स्पर्धेत उभी केली आणि ही बया पहिली आली. तेव्हापासून जगातल्या कुठल्याही विषयावर तिचं मत तयार असायचं. सध्या विषय बल्ब होता.

"मी शोधून काढते बल्ब का जातो ते," तिने जाहीर केलं.

"आधी बीजगणित शोधून काढ," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती पाइपलाइन रोडच्या गॅरेजवर गेली. गॅरेजचा मालक करण हा गाडी न बघताच रोग सांगणारा डॉक्टर होता.

"रेग्युलेटर!" तिने तोंड उघडायच्या आत तो म्हणाला. "इंजिन जोरात फिरलं की करंट वाढतो. रेग्युलेटरने तो अडवायचा असतो. त्याने अडवला नाही की बल्ब जातो. सिंपल आहे, ताई."

"पण आजोबा जोरात चालवतच नाहीत. त्यांच्या बाजूने परवा एक आजी चालत पुढे गेल्या."

करणने डोकं खाजवलं. "पण रेग्युलेटर बदलून टाकू. मनात शंका नको."

रेग्युलेटर बदलला. बल्ब गुरुवारी गेला.

"मग होल्डर सैल असणार," करण न डगमगता म्हणाला. "गाडी थरथरते, कनेक्शन सुटतं-लागतं, सुटतं-लागतं, आतली तार तुटते. आपल्या रस्त्याने तर माणसाच्या आतल्या तारा तुटतात."

होल्डर बदलला, दिव्यामागे नवं रबर बसवलं. बल्ब गुरुवारी गेला.

"दुकानदार हलका माल देतो तुम्हाला," करण म्हणाला आणि चांगल्यापैकी बल्ब त्याने स्वतः आणून दिला. तो दोन गुरुवार टिकला. घरात एवढा आनंद झाला की आजीने शिरा केला. तिसऱ्या गुरुवारी शिरा पचायच्या आत बल्ब गेला.

खरं तर करण म्हणत होता, बल्ब मीच बसवून देतो. पण आजोबांना ते मान्य नव्हतं. "माझ्या गाडीचा बल्ब मी बसवणार," असं ते ठणकावून सांगायचे. त्यामुळे प्रत्येक नवा बल्ब आधी घरी यायचा, आणि घरी आलेली कुठलीही नवी वस्तू आधी देवघरात जायची. हा आजीचा कायदा होता. देवापुढे ठेवायची, निरांजनातल्या तुपात बोट बुडवायचं, ते कुंकवात टेकवायचं आणि वस्तूला टिळा लावायचा. मगच ती वापरायची. या घरातला मिक्सर सौभाग्यवती होता. फ्रिजही सौभाग्यवती होता. बाबांच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावरच टिळा होता, त्यामुळे ऑफिसच्या मीटिंगमध्ये त्यांचा चेहरा कायम पहाटेच्या तांबूस उजेडात दिसायचा. यामिनीच्या नव्या मोबाईलच्या चार्जिंगच्या भोकात कुंकू गेलं होतं, ते तिने सुईने काढलं होतं. सगळ्यांना या टिळ्यांची इतकी सवय झाली होती, की ते कुणाला दिसायचेच नाहीत.

आजोबा देवघरातून बल्ब आणायचे, सदऱ्याच्या टोकाने तो चांगला चोळून पुसायचे, म्हणजे कुंकू जायचं, आणि मग बसवायचे. बल्ब जितका लवकर जाई, तितकी आजीची श्रद्धा वाढत होती. हल्ली ती पूर्वीपेक्षा जास्त तूप घ्यायची आणि बल्बपुढे हात जोडून थोडा वेळ डोळे मिटायची.

शेवटी बाबांनी सूत्रं हातात घेतली. "साधा बल्ब पुरत नाही, दणकट पाहिजे," असं म्हणून त्यांनी मोबाईलवरून कुठूनसा जास्त वॅटचा बल्ब मागवला. तोही देवघरात जाऊन आला. आजोबांनी पुसून बसवला. बाबांनी बटण दाबलं, आणि समोरच्या बिल्डिंगचा तिसरा मजला दुपारसारखा उजळला. वाळत घातलेली लुंगी ओढायला बाहेर आलेले तिथले काका डोळ्यांवर हात धरून आत पळाले.

"याला म्हणतात लाइट!" बाबा म्हणाले.

"लाइट चांगला आहे," आजी नाक उडवत म्हणाली, "पण कुणाच्या घरी दूध उतू गेलंय का? करपल्याचा वास येतोय."

दूध कुणाचंच उतू गेलं नव्हतं. नवा होल्डर आतल्या आत वितळत होता. थोड्या वेळाने काळोख झाला. तो इतका दाट होता, की त्यात फक्त बाबांचा श्वास ऐकू येत होता.

"दिव्याच्या मागे किती वॅटचा घालायचा ते लिहिलेलं असतं, साहेब," दुसऱ्या दिवशी करण म्हणाला. "वायर असते पस्तीस वॅटची. तिच्या अंगावर शंभर घातले तर ती काय करणार? बल्बला कितीही शक्ती असली, तरी वायर आपली जुनीच आहे."

या अपमानानंतर बाबा घरी आले ते ठरवूनच.

"बास. आता ही गाडी विकायची. अण्णा, तुमचं वय काय, रस्त्यावरची वाहतूक काय! मागच्या गुरुवारी टॉर्चच्या उजेडात येताना तुम्हाला टँकर घासून गेला असं समोरचे काका सांगत होते."

"टँकर उभा होता," आजोबा म्हणाले. "मीच त्याला घासून गेलो."

"तेच ते! घोडेगावच्या बन्सीला गाडी पाहिजे आहे, दुधाचे कॅन न्यायला. तुमचाच विद्यार्थी आहे, सांभाळेल. येत्या रविवारी संध्याकाळी तो येतोय."

आजी निवडत असलेल्या मेथीची देठं ताटात आणि पानं कचऱ्यात जायला लागली. आजोबांनी वर्तमानपत्र वर केलं, पण ते उलटं होतं. यामिनी मात्र उठून उभी राहिली.

"बाबा, आणि रविवारी बल्ब टिकला तर?"

"कशाला टिकतोय!"

"शनिवारी बसवलेला रविवारी बन्सीकाकांसमोर नीट जळत राहिला, तर गाडी विकायची नाही. बोला!" वक्तृत्वाचा हात आपोआप वर गेला होता.

बाबांनी आजोबांकडे बघितलं, मग आजीच्या मेथीकडे बघितलं. "बरं," ते म्हणाले. "पण शेवटची संधी हं."

शनिवारी सकाळी आजीने आवाज दिला, "यामू, देवघरातून फुलवात आण गं जरा. त्या छोट्या खोक्यांत आहेत बघ."

आजी काहीच टाकून द्यायची नाही. बल्बच्या रिकाम्या खोक्यांत तिने फुलवाती भरून ठेवल्या होत्या. यामिनीने एक खोका उचलला, आणि त्याच्या बाजूवरचं चित्र पहिल्यांदा नीट बघितलं. बल्ब होता, त्याच्या काचेला टेकलेलं एक बोट होतं, आणि त्या बोटावर मोठ्ठी लाल फुली होती.

ती तशीच उभी राहिली. मग धावत जाऊन तिने आजोबांच्या डब्यातले मेलेले बल्ब काढले आणि खिडकीपाशी ओळीने मांडले. प्रत्येकाच्या काचेवर एक पांढरट फोड आलेला होता. प्रत्येकाच्या कपाळावर, बरोब्बर मध्ये, जिथे टिळा लावतात तिथे!

"यामू! फुलवात आणत्येस की कापूस पिकवत्येस?"

मोबाईलवर तिने वाचून काढलं. गाडीचा बल्ब हॅलोजनचा असतो, आणि त्याची काच भयंकर तापते. तिच्यावर तेल-तूप लागलेलं असलं, की तेवढीच जागा जास्त तापते, काच तिथे कमजोर होऊन फुगते आणि बल्ब वेळेआधी जातो. बोटाचा घामसुद्धा पुरतो. इथे तर साजूक तूप होतं, आणि वर आजोबा ते सदऱ्याने पुसून सगळ्या काचेला छान सारवत होते!

आजोबा अंगणात गाडी पुसत होते. यामिनीने त्यांना कोपऱ्यात घेतलं आणि सगळं एका दमात सांगितलं.

"अरेच्चा!" आजोबा म्हणाले. "असं असतं होय!"

ते इतक्या जोरात चकित झाले, की यामिनीला आपल्या शाळेतल्या नाटकाची आठवण झाली. पण विचार करायला वेळ नव्हता.

"आजीला सांगू का?"

"छे, छे! अजिबात नको. तिला वाईट वाटेल. एवढी वर्षं मनोभावे लावत आली आहे ती."

"मग मी एक युक्ती करते. खोक्यात जुना मेलेला बल्ब ठेवते, त्याला आजीला खुशाल टिळा लावू दे. नवा मी स्वतः बसवते, फडक्यात धरून, नुसत्या पत्र्याच्या कड्याला पकडून. चालेल?"

आजोबा क्षणभर गाडीच्या दिव्याकडे बघत राहिले. "चालेल," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "आता चालायलाच पाहिजे."

सगळं ठरल्यासारखं पार पडलं. करणने वितळलेला होल्डर बदलून गाडीला साजेसा, तेवढ्याच वॅटचा बल्ब दिला. यामिनीने तो ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरच्या सफाईने बसवला. देवघरात मेलेल्या बल्बची पूजा झाली. शनिवारी संध्याकाळी दिवा लावून बघितला, तर फोड नाही की डाग नाही, नुसता लख्ख, गोल, पिवळा उजेड. यामिनीला त्या रात्री इतकी गाढ झोप लागली, की सकाळी बीजगणिताचा क्लास बुडाला.

रविवारी दिवेलागणीला बन्सी आला. उंचापुरा, डोक्याला फेटा, खांद्यावर मोठा टॉवेल. घोडेगावच्या बाजारात जनावरांचे व्यवहार करण्यात त्याचे केस पांढरे झाले होते. आल्या आल्या तो आजोबांच्या पाया पडला, आजीच्या पाया पडला आणि मग गाडीकडे वळला. तिच्याभोवती एक फेरी मारली, सीटवर थाप मारली, टायर दाबून बघितलं, सायलेन्सरशी वाकून वास घेतला. आता तो दात मोजणार, असं यामिनीला वाटलं.

"जनावर चांगलं हाय," तो म्हणाला. "वय झालंय, पन अंग धरून हाय. लाथ मारती का?"

"किकला कधीमधी मारते," आजोबा म्हणाले.

"आन् ह्यो दिवा? क्येदारभाऊ फोनवर म्हनत हुते, दिवा ऱ्हात न्हाई म्हनून."

"तेच बघायचंय आता," बाबा म्हणाले. "यामिनी, लाव."

यामिनीने ऐटीत किक मारली, बटण दाबलं. झोत पडला, कंपाउंडच्या भिंतीवर पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल. तिने बाबांकडे विजयी नजरेने बघितलं. बाबांची भुवई वर गेली. आजोबा मात्र दिव्याकडे न बघता आजीकडे बघत होते, कारण आजीच्या चेहऱ्यावर यामिनीपेक्षाही मोठा विजय दिसत होता.

"टिकणारच!" आजी म्हणाली. "आज मी जातीने लक्ष घातलंय."

"म्हणजे काय, आजी?" यामिनीचा आवाज बारीक झाला.

"अगं, काल देवापुढे ठेवलेला बल्ब काळा ठिक्कर होता. मला काय दिसत नाही? म्हटलं, या पोरीने घाईघाईत जुना ठेवला आणि नवा तसाच गाडीत घातला, बिनटिळ्याचा! एवढ्या महत्त्वाच्या दिवशी! मग दुपारी तुम्ही सगळे घोरत होतात, तेव्हा करणला बोलावलं आणि दिवा उघडायला लावला. तो आपला म्हणत होता, 'काकू, काचेला बोट नका लावू, काकू, नका.' म्हटलं, देवाच्या कामात मध्ये बोलू नये. आणि आज बोटभर नाही, चांगलं चमचाभर तूप लावलंय."

यामिनीने डोळे गच्च मिटले. मग तो वास आला. कापूर नव्हता, उदबत्ती नव्हती, पण बाकी सगळं होतं.

बन्सीने नाक फुगवलं. "सर, गाडीतून आरतीचा वास येतोय."

दिव्याच्या आत धुराची बारीक रेघ वर चढली. चंद्राला खळं पडलं. आणि आतून फट्ट असा आवाज येऊन अंगण काळोखं झालं.

बाबांनी सुस्कारा सोडला. "झालं. बन्सी, बोल."

बन्सीने खांद्यावरचा टॉवेल काढून बाबांच्या हातावर पसरला आणि टॉवेलखाली त्यांची बोटं धरली. जनावरांच्या बाजारात भाव असाच ठरतो, कुणाला न दिसता, बोटं दाबून. टॉवेल हलायला लागला. यामिनीच्या डोळ्यांसमोर आपले दोन छोटे तळवे आणि ती ऊन काच आली, आणि तिचं भाषण आपोआप सुरू झालं.

"थांबा! गाडीची काही चूक नाही! बल्ब तुपामुळे जातो! हॅलोजनच्या काचेला तूप लागलं की ती फुगते, खोक्यावर चित्र आहे, बोटावर फुली आहे! आजीचा टिळा..."

आजीचा चेहरा तिला अंधारातही दिसला.

"म्हणजे मी?" आजी म्हणाली. "इतकी वर्षं मीच घालवत होते बल्ब?"

टॉवेल थांबला होता.

"तसं नाही गं, इंदू," आजोबा पुटपुटले. "हे कुणाला ठाऊक असतं? आपल्याला काय माहीत, काच तापते नि..."

"आँ?" बन्सी म्हणाला. "सर, आसं काय करताय? तुमीच तर शिकवलं हुतं आमाला!"

"मी?"

"व्हय की! भिंतीवर चित्रं दाखवायचं मशीन न्हवतं का शाळंत? त्याचा बल्ब मी नुसता बोटानं दाबून बघितला, तर तुमी मला वर्गाभायेर ओनवं उभं केलं हुतं. 'बन्सी, हॅलोजनच्या काचंला बोट लावायचं नाही, मरेपर्यंत विसरायचं नाही!' आता केस पिकले, पन इसरलो न्हाई. घरी बायकोलाबी लावू देत न्हाई मी हात."

समोरच्या तिसऱ्या मजल्यावरची लुंगी तेवढी फडफडली. सगळ्यांच्या माना आजोबांकडे वळल्या. आजोबांना एकाएकी गाडीचा आरसा फारच महत्त्वाचा वाटायला लागला होता. ते तो सदऱ्याच्या टोकाने पुसत होते.

"अहो," आजी म्हणाली.

"विसरलो असेन," आजोबा आरशाला म्हणाले.

"सर इसरनार?" बन्सी हसला. "फाटकातनं आत येतानाच सरांनी मला माझ्या हजेरी नंबरानं हाक मारली." त्याने टॉवेलखालून हात काढून घेतला. "क्येदारभाऊ, आपलं न्हाई जमायचं. आवो, ज्याचं दुखनं धन्याला ठावं असून धनी बरं करत न्हाई, त्या जनावरात धन्याचा काहीतरी जीव गुतलेला असतोय. आसलं जनावर नेलं, तरी दावनीला ऱ्हात न्हाई. रातीतून दोर तोडून पुन्यांदा हितंच यायचं."

बाबांनी गाडीकडे बघितलं. मग पुढे होऊन, कुणाला नकळत केल्यासारखं करत, पेट्रोलच्या टाकीवरून हात फिरवला.

"घोडेगावच्या आतल्या रस्त्याला दिवे नव्हते तेव्हा," ते म्हणाले. "तेव्हाही बल्ब गेलेलाच असायचा. मी टाकीवर झोपलेला असायचो. मध्येच जाग आली, की पुढे रस्त्यावर टॉर्चचा उजेड दिसायचा, आणि मागे तुम्ही दोघं बोलत असायचात. काय बोलायचात ते कधी कळलं नाही. लगेच परत झोप लागायची."

"खड्डे दाखवत होते मी," आजी म्हणाली. पण आवाज नेहमीचा नव्हता.

बन्सी चहा पिऊन, शिरा खाऊन गेला. जाताना पुन्हा सरांच्या पाया पडला आणि एका म्हशीची तोंडभर स्तुती करून गेला.

आता पुढच्या गुरुवारी काही चुकायला वाव नव्हता. यामिनीने नवा बल्ब फडक्यात धरून बसवला, मग रिकामा खोका आजीकडे दिला. आजीने तो देवापुढे ठेवला. "रिकामा चालतो देवाला," ती म्हणाली. "आत काय होतं ते त्याला ठाऊक असतं." तुपाचं बोट तिने पेट्रोलच्या टाकीला लावलं. टाकीला त्याचं काहीच झालं नाही. उलट ती शोभून दिसली.

संध्याकाळी दोघं निघाले. आजी मागे बसली, आणि दिवा असल्यावर नेहमी बसायची तशीच बसली: अंग आखडून, दोन्ही हातांनी मागची दांडी धरून. आजोबांच्या आणि तिच्या मध्ये देवाची पिशवी होती. दिवा लख्ख होता, आणि त्याच्याकडे बघताना आजोबांचा चेहरा निकाल लागलेल्या पण पेढे न मिळालेल्या मुलासारखा झाला होता.

"आजी, पिशवीत टॉर्च कशाला घेतलीस?" यामिनी ओरडली. "हा बल्ब आता काही जात नाही!"

"असू दे गं. सवय."

गाडी निघाली. गोल पिवळा झोत रस्ता उजळत, खड्डे दाखवत, ऐटीत वळणापर्यंत गेला. यामिनी गॅलरीत छाती फुगवून उभी होती. हे तिचं काम होतं. आता कुणाच्या बापाची छाती आहे...

आणि वळणावर झोत गप्पकन विझला.

"अशक्य!" यामिनी किंचाळली. ती चपला शोधायला आत वळणार, तेवढ्यात शांत गल्लीतून आवाज आला. स्फोटाचा नाही, फट्टचा नाही. जुन्या गाड्यांच्या हँडलला दिव्याचं बटण असतं, ते अंगठ्याने मागे ओढल्यावर होतो तसला, अगदी बारीक, टिक असा.

"गेला वाटतं गं, इंदू," आजोबांचा आवाज आला.

"गेला का?" आजी म्हणाली. तिने वाकून दिव्याकडे बघितलंसुद्धा नाही. "बरं झालं बाई, दुपारीच नवे सेल घालून ठेवले ते."

एक इवलासा उजेड लागला. आजीचा एक हात मागच्या दांडीवरून सुटला आणि आजोबांच्या खांद्यावर जाऊन बसला. मग तो काजवा हेलकावे खात, बैलगाडीच्या वेगाने, पाइपलाइन रोडच्या दिशेने निघाला.

"डावीकडे खड्डा आहे. अहो, डावीकडे!"